मंदाचं बोलावणं

"पोराचं रगत मागाया आपन काय ढेकून हाव?"

शिवदास भोईर पुष्पीच्या अंगणात उभा राहून असं बोलला, तेव्हा चुलाणावर मोठा टोप रटरटत होता आणि टोपात सुती फडकी वर-खाली होत होती. पुष्पीनं हातातला बांबू काही थांबवला नाही. वाफेतनंच म्हणाली, "ढेकूनच असते तं न विचारता घेतलं असतं, दादा."

मी ओट्यावर पाळीच्या फडक्यांच्या घड्या शिवत बसले होते. हसू आलं ते दोऱ्याबरोबर दातांत दाबलं. शिवदासपुढं आमच्या चेणे गावात कोणी हसत नाही. घोडबंदर रोडला लागून त्याची भातजमीन, वर दोन रेतीचे ट्रक, आणि देवळाची किल्ली त्याच्याच कनवटीला. त्यानं सांगून टाकलं, त्याच्या पुतणीचं, भूमिकाचं लगीन ठरलंय, मांडव पडणार, आणि रक्ताबिक्ताचं पुन्हा कोणाच्या कानावर घातलंस तर पोरीचं तोंड तुला मेल्यावरच दिसंल. बोलला आणि वळसा घालून गेला.

वळसा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला पुष्पी कळायची नाही.

पुष्पलता मूळची बांगड्या भरणारी. डोक्यावर टोपली घेऊन घोडबंदरपासून काशीमिऱ्यापर्यंत पायी फिरायची. बांगडी भरायची तर बाईचा हात हातात घ्यावा लागतो, चोळून मऊ करावा लागतो, आणि हात मऊ झाला की बाई बोलायला लागते. पुरुष तिथं थांबत नाहीत. नवऱ्याला, सासूला, देवाला न सांगितलेलं बायका पुष्पीला सांगायच्या. अंगावरून पांढरं जातं. आग होते. खाली फोड आलाय, चिखलात लावणीला वाकवत नाही. आमच्याकडं पाळीचं फडकं उन्हात वाळवायची रीत नव्हती. सूर्यानं बघितलं तर कूस जळते म्हणायच्या. मग ते कुडाच्या फटीत, सरपणाखाली, ओलंच कोंबून ठेवायचं आणि पुढच्या महिन्यात तेच घ्यायचं. खाज सुटली की भगताकडं जायचं. भगत राख द्यायचा. तीही तिथंच लावायची. आता काय बोलायचं.

मीरा रोडला तेव्हा नव्या बिल्डिंगा उठत होत्या. तिथं उर्मिला डॉक्टरणीनं तळमजल्याला दवाखाना टाकला होता. पुष्पी तिला बांगड्या भरायला गेली, आणि दोघींचं जमलं. डॉक्टरीण सांगायची, ही ऐकायची. अक्षरं तिला फारशी येत नव्हती, पण एकदा ऐकलेलं ती विसरायची नाही. एकोणनव्वद साली तिनं जुनी सुती लुगडी गोळा करून उकळली, कापली, घड्या शिवल्या आणि विकायला लागली. सुरुवातीला मी एकटीच तिच्या हाताखाली. अंगणात दोरी बांधून भर उन्हात घड्या वाळत घातल्या, त्या दिवशी गावात गलका झाला. दोरीखालून देवळाची वाट जात होती. म्हातारे म्हणाले, दोरी सोड. पुष्पी म्हणाली, वाट सोडा. पुरुषमंडळींनी देवळाला जायला शेताच्या बांधावरनं वळसा घातला, एक पावसाळा, दुसरा पावसाळा. तिथं आता पायवाटच पडलीय. नवी सून गावात आली की विचारते, ही वाट अशी वाकडी का. आम्ही सांगतो, पुष्पीचा वळसा.

पुढं टोपलीच्या तळाशी निरोधची पाकिटं आली. बाई दारात आली की पुष्पी विचारायची, "हातातल्या पायजेत का घरातल्या?" घरातल्या म्हटलं की वरच्या हिरव्या बांगड्या बाजूला व्हायच्या. औषधाचंही तिचं एक गणित होतं. डॉक्टरणीनं दिलेल्या गोळ्या दोघांनी घ्यायच्या, नवरा-बायकोनं. एकट्या बायकोला द्यायलाच ती तयार नसायची. म्हणायची, होडीला भोक ठेवून पानी उपसत बसायचं, तं पैसे कशाला घालवतंस? मग बायका युक्त्या करायच्या. कोणी नवऱ्याला सांगायची ताकदीची गोळी हाय, कोणी कालवणावरनं भांडण काढून तो गोळी घेईतोवर जेवायला वाढायची नाही. सत्त्याण्णव सालापर्यंत पुष्पीच्या पडवीत डझनभर बायका शिवायला बसायच्या, आणि माल भाईंदरपासून पार उत्तन-चौकच्या कोळणींपर्यंत जायचा.

हे सगळं झालं. पण पुष्पी मोठी झाली ती ह्याच्या जोरावर नाही.

तिची धाकटी बहीण मंदा, शिवदासच्या भावाला, हरिश्चंद्राला दिलेली होती. हरी रेतीची गाडी चालवायचा. नंतर लांबच्या गाड्या घ्यायला लागला, गुजरात, राजस्थान. नव्वद साली तो झिजून झिजून गेला. छातीचं दुखणं, म्हणाले. मग मंदा झिजायला लागली. जुलाब, ताप, तोंडभर पांढरा बुरा. घरात तिचा वास येतो म्हणून सासरच्यांनी तिची खाट शेतातल्या खोपीत नेली. भाकरी बांधावर ठेवून हाक मारायची, तिनं सरपटत येऊन घ्यायची. पुष्पी जायची, अंग पुसायची. पण काय झालंय ते तेव्हा पुष्पीलाही कळत नव्हतं. ब्याण्णवच्या भाद्रपदात, भात पोटरीला आलेलं, मंदा तिथंच गेली. सकाळी भाकरीची हाक कोणी घेतली नाही, तेव्हा कळलं.

डॉक्टरणीनं सगळी हकीकत ऐकून रोगाचं नाव सांगितलं ते नंतर. पुष्पी शिवदासकडं गेली. भावाची अब्रू जाईल म्हणून तो चवताळला. तेव्हापासून त्यांच्यात सौदा होता. पुष्पीनं तोंड उघडायचं नाही, आणि शिवदासनं मंदाच्या पोरीला, भूमिकाला, मावशीकडं येऊ द्यायचं. गावात त्यांनी सोडून दिलं की मंदा अवसेला मेली, तिची हडळ झाली.

झाली का नाही, मला विचारू नका. ते शेत पडीक आहे. नदीवरनं धुकं चढतं त्या दिवसांत खोपीकडनं खोकला ऐकू येतो. कोरडा, थांबून थांबून, जसा ती खोकायची. लावणीच्या बायका सांजेला त्या बांधावरनं जात नाहीत. मी स्वतः ऐकलाय, आणि डोक्यावरचा भारा तिथंच टाकून पळालेय. पुष्पीला एकदा विचारलं, तुलाही येतो का गं ऐकू? ती घडीची कड दुमडत म्हणाली, "येतो म्हनून तं धंदा चाललाय, शालू. नायतं मी कवाच बसले असते पाय पसरून."

तर आता भूमिकाचं लगीन ठरलं होतं. पोरगी एकोणीस वर्षांची, दहावी पास, हसली की थेट मंदा. नवरा भावेश, गायमुखाकडचा. घरचे दोन डंपर, स्वतः चालवायचा. पोरगा दिसायला देखणा, बोलायला गोड. साखरपुड्यानंतर बारीक झाला होता, मधूनमधून ताप यायचा. त्याच्या मित्रांना वाटायचं हा लग्नाच्या आनंदानं वाळतोय, आणि ते चेष्टा करायचे. पुष्पीला ती चेष्टा ऐकवत नव्हती. तिनं भूमिकाला हळूच सुचवून बघितलं. भूमिका म्हणाली, "मावशी, तुला सगल्याच पुरुषांत भूत दिसतं." मग शिवदासला विचारलं, त्याचं उत्तर तुम्ही वर ऐकलंच.

शिवदास त्या दिवशी वळसा घालून गेला आणि पुष्पी माझ्यापाशी ओट्यावर येऊन बसली. हात वाफेनं सुजलेले, सुरकुतलेले.

"हलदीला धवलं तूच गानार ना?"

मी धवलारीण. आमच्या आगऱ्यांत लग्न लावायला भटजी येतो तो नंतर, आधी धवलारीण लागते. हळदीच्या सांजेला घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलवायचं काम माझं. एकेकाचं नाव घ्यायचं आणि तो कशानं गेला तेही गायचं. साप डसून गेलेला आजा, ये. खाडीत बुडालेला काका, ये. बाळंतपणात गेलेली आत्या, ये. जिच्याकडनं मी हे शिकले ती म्हातारी सांगायची, मरणाला नावानं हाक मारली की ते वहाणा काढून मांडवाबाहेर बसतं. नाही मारली तर पाहुण्यांत मिसळून आत येतं आणि पंगतीला बसतं.

शिवदासनं मला आधीच बजावलं होतं, हरीला बोलव, छातीच्या दुखण्यानं गेलेला म्हण. मंदीचं नाव घ्यायचं नाही. हडळीला कोण लग्नात बोलावतं?

पुष्पी म्हणाली, "तिला बोलव. आनि खरं गा."

"मी धवलारीन हाय गं, पोलीस न्हाय."

"म्हनूनच सांगतंय. पोलिसाचं कोन ऐकतंय?"

मी तिला म्हटलं, पोरीचं लगीन मोडेल. नुसतं हे नाही, पुन्हा कोणी ठरवायचंही नाही, आईला होता म्हणजे पोरीलाही असेल म्हणतील. ती म्हणाली, पोरीचं रक्त मी डॉक्टरणीकडं केव्हाच नेलंय, ती चांगली आहे. ती चांगली आहे म्हणूनच. आणि मग तिनं माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि मला बघायला लावलं, तिच्याकडं. "मंदीला मी पुसलं, भरवलं. तिला वाचवता आलं न्हाय, मना म्हायतीच नव्हतं. आता म्हायती हाय. आता मी गप बसले, तं पोरीला मीच खोपीत नेऊन टाकली ना?"

मी तिच्या हातातनं सुई परत घेतली. दोरा ओवला आणि राहिलेली घडी शिवत बसले.

माघातली हळद. हवेत गारठा, मांडवाला आंब्याचे टाळे, ट्यूबलाइटीभोवती चिलटं. दुपारीच पुष्पीनं भूमिकाच्या हातांत हिरवा चुडा भरला होता. बांगड्या भरायला तिला बोलवावंच लागलं, दुसरी कोण होती. भावेशची आई ममता पाच सवाष्णी घेऊन उष्टी हळद घेऊन आली होती. पोरीला पाटावर बसवली, हळद लावली, पिवळीधमक झाली. दिवे लागले आणि मी बोलावणं सुरू केलं.

विठू आजा आला, नाग डसून गेलेला. मोठी आजी आली, म्हातारपणानं पिकून गेलेली. मागं धरणाऱ्या बायका एकेक ओळ झेलत होत्या. हरिश्चंद्राचं नाव आलं. शिवदास खांबाला टेकून माझ्याकडंच बघत होता. मी छातीचं दुखणं गायले. आता चालीला जोडी लागते. बाप आला की त्याच्यामागं आईची ओळ येते, तशी ती चालच आहे, उडी मारायला जागा नाही. मी थांबले. मागच्या बायका थांबल्या. एवढं मोठं भोक पडलं त्या गाण्यात.

भूमिका पाटावरनं म्हणाली, "शालूकाकी, माजे आयेला बोलव."

"पुढं घे," शिवदास म्हणाला.

"आये कशानं गेली?" तिनं विचारलं, मला नाही, त्याला. हळूच. तिनं त्याला उभ्या जन्मात प्रश्न विचारला नव्हता. शिवदासनं उपरणं झटकलं, सारखं केलं, परत झटकलं. भूमिका एकेका बाईकडं बघत गेली, आणि जिच्याकडं बघायची ती खाली बघायची. शेवटी तिची नजर पुष्पीवर आली. पुष्पी मांडवाच्या कडेला टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तिनं खाली बघितलं नाही. पण बोललीही नाही. सौदा होता ना.

मग मी गायले. जन्मभर दुसऱ्यांनी शिकवलेलं गात आले, ते तेवढं माझं.

"घरधन्याचा रोग अंगी घेऊन गेलेली मंदा, ये गं ये.
गाडीवरनं आलेला, घरानं लपवलेला,
त्या रोगानं झिजलेली, खोपीत एकली मेलेली
लेकीच्या हलदीला, मंदा, ये गं ये."

कोणी झेललं नाही. आणि त्या शांततेत दाराबाहेर कोणीतरी खोकलं. थंडीचे दिवस होते, कोणालाही खोकला येतो. पण सगळ्यांनी एकदम दाराकडं बघितलं, आणि दारात कोणी नव्हतं. एक सवाष्ण जागेवरनं सरकली, जशी कोणाला बसायला जागा करून देतो तशी.

ममतानं हळदीची वाटी खाली ठेवली. "कसला रोग?"

आता पुष्पी उठली. तिनं नाव सांगितलं, साधं, जसं गावाचं नाव सांगतात. कसा होतो ते सांगितलं, कसा होत नाही तेही. पोरीचं रक्त तपासलंय, ती स्वच्छ आहे, तुम्ही हव्या त्या डॉक्टरकडं पुन्हा तपासून घ्या. आता तुमच्या पोराचं बघू. शिवदास मधे आला, तिच्या टोपलीला लाथ घातली, बांगड्या मांडवभर झाल्या. म्हणाला, हिला बाहेर काढा. पण काढायला उठलं कोण? त्या मांडवातल्या निम्म्या बायकांचे हात तिनं हातात घेतलेले होते. एकही उठली नाही, आणि बायका उठत नाहीत बघून पुरुषही बसून राहिले.

भूमिका रडत होती. हळदीवरनं पाण्याचे ओघळ. पण बोलली ते सगळ्यांना ऐकू गेलं. "भावेशचं बघा. तोवर मी हलद उतरवनार न्हाय, अशीच बसतंय."

ममता सवाष्णींना घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं नाही. जेवणाचा भात गुरांपुढं गेला. गावानं माझ्याशी बोलणं टाकलं, आणि भूमिका मावशीशीही बोलेना, माझ्याशीही नाही. हळदीची पोरगी उंबरा ओलांडत नाही, म्हणून आतल्या खोलीत बसून राहिली. मांडवाचे टाळे वाळून खळखळायला लागले.

मग एका सकाळी भावेश आला. डंपर घेऊन नाही, चालत. पुष्पीच्या अंगणात उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "चला मावशी, काढा रगत. सगल्यांची तोंडं बंद करू." दोरीखालनंच आला. पुरुषांपैकी पहिलाच.

उर्मिला डॉक्टरणीनं तपासणी एकदा करवली, आणि खात्रीसाठी पुन्हा दुसरीकडून करवली. निकालाच्या दिवशी मीही पुष्पीबरोबर होते. भावेश आत गेला, बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तो दवाखान्याच्या पायरीवरच बसला. समोर मीरा रोडची रिक्षांची रांग, भाजीवाले, क्लासला जाणारी पोरं. तो त्यांच्याकडं असा बघत होता की जसं काही ते सगळं काचेपलीकडं आहे. पुष्पी त्याच्याशेजारी टेकली. त्यानं विचारलं, "मावशी, तुमाला कसं कललं?" ती म्हणाली, "मना कललं नव्हतं रे. मी भ्यायले होते फक्त."

तेव्हा त्या रोगावर आमच्यासारख्यांना परवडेल असं औषध नव्हतं. डॉक्टरणीनं तसं खरंच सांगितलं होतं.

शिवदास बांगड्या फोडायला बसला. लगीन मोडलं, चुडा फोडलाच पाहिजे. पुष्पी आली आणि दारातच म्हणाली, "कोन मेलंय? फोडायच्या कशाला?" तिनं परातीत साबणाचं पाणी केलं, भूमिकाचा हात त्यात धरला आणि एकेक बांगडी सबंध उतरवली. एकही पिचली नाही. तेव्हा भूमिका हळदीनंतर पहिल्यांदा तिच्याशी बोलली. बोलली म्हणजे, तिच्या खांद्याला कपाळ लावलं आणि हंबरली. पुष्पीचे दोन्ही हात साबणाचे, म्हणून तिनं कोपरानंच तिला धरली. शिवदास भिंतीकडं तोंड करून उभा होता. "हरी माजे हातावर मेला," तो म्हणाला, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "कोनाला काय सांगनार होतो मी?"

होळी झाली, उन्हं चढली. गायमुखाहून बातमी आली, भावेश पडलाय, आणि त्याची खाट गाड्यांच्या शेडमधे नेलीय, डिझेलच्या पिंपांजवळ. पुष्पीनं पिशवी भरली. उकळलेली फडकी, ग्लुकोज, तोंडात लावायचं औषध. भूमिका म्हणाली, मी येते. पुष्पी नको म्हणाली. भूमिका पुढंच चालायला लागली. मी मागनं.

शेडमधे पत्रा तापलेला होता. भावेश भिंतीकडं वळून पडला होता, पोरीला बघून त्यानं चादर तोंडावर ओढली. ममता दाराशीच उभी राहिली, आत येईना. चहाचा कप तिनं लांबनं सरकवला होता, अर्धा पिऊन झालेला, कडेला माशा. पुष्पी तिला समजावत होती, हात लावल्यानं होत नाही, बरोबर जेवल्यानं होत नाही, भांडी वेगळी करू नका. ममता मान हलवत होती, पण पाय दारातनं हलत नव्हता. तिची चूक नव्हती. भीती काय समजावल्यानं जाते?

भूमिका खाटेच्या कडेला बसली. तिनं तो कप उचलला, माशी हाकलली आणि त्याचा उरलेला गार चहा पिऊन टाकला.

"साखर लई घातलीय, मामी," ती ममताला म्हणाली.

ममतानं पदर तोंडाशी नेला. मग तिचा पाय दारातनं आत पडला. भावेशनं चादर खाली ओढली होती, आणि भूमिकाच्या ओठांकडं बघत होता.

पुष्पीनं फडकं भिजवून त्याचं तोंड, मान, हात पुसले. मग खाटेचं एक टोक ममतानं धरलं, दुसरं भूमिकानं, आणि खाट घराकडं निघाली. घराच्या दारातनं खाट आडवी जाईना, म्हणून उभी करून घ्यावी लागली. तेवढा वेळ भावेश भिंतीला धरून ओट्यावर उन्हात उभा राहिला, आणि समोरच्या घरातली माणसं त्याला बघत होती.